आईची स्वाहिली

"होडी!" आईनं तिसऱ्यांदा हाक दिली.

आत नारळ खवल्याचा आवाज येत होता, तो थांबला. आम्ही दोघी दारात उभ्या आहोत हे आतल्या बाईला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे आम्हाला कळलं होतं. तरी आतून शब्द आला नाही. थोड्या वेळानं नारळ पुन्हा खवला जाऊ लागला.

"चल," आई म्हणाली. "तीनदा झालं."

होडी म्हटलं की आपल्याला पाण्यातली होडी आठवते. पूर्व आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर मात्र दुसऱ्याच्या घरी गेलं की दाराबाहेर थांबून 'होडी' म्हणायचं असतं. आतून 'करीबू', म्हणजे 'या' असं उत्तर आलं, की मगच उंबरा ओलांडायचा. तीनदा होडी म्हणूनही करीबू आलं नाही तर मुकाट्यानं मागं फिरायचं आणि राग मानायचा नाही, अशी तिथली रीत. आई मागं फिरली खरी, पण राग न मानण्याचा भाग तिला जमला नाही. घरी पोहोचेपर्यंत तिचं नाक लाल झालं होतं.

हातातली हिमरूची शाल तिनं कॉटवर टाकली. औरंगाबादहून निघताना ही शाल बॅगेत बघून बाबा म्हणाले होते, "त्या उकाड्यात शाल? त्यापेक्षा एखादा पंखा ने."

"तुम्हाला काय कळतंय? बीबीचे पाय संध्याकाळी गार पडायचे," आई म्हणाली होती.

बीबी म्हणजे झुहुराची म्हातारी आई. आणि झुहुरा म्हणजे आत्ता दार न उघडणारी बाई. बारा वर्षांपूर्वी आम्ही हे गाव सोडून भारतात परतलो, त्याच वर्षी बीबी वारली, हे आम्हाला पांगानीत पाऊल ठेवल्यावर कळलं. आई तिथंच रस्त्यात रडली. मग शाल झुहुरालाच द्यायची, तिच्या गळ्यात पडून एकदा रडून घ्यायचं, असं तिनं ठरवलं. तर झुहुरा करीबू म्हणेना.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा वीस वर्षांची होते, बी.ए. होऊन घरात बसले होते, आणि माझ्यासाठी स्थळं बघण्याच्या गोष्टी चालू असल्यामुळे घराबाहेर कुठंही जायला तयार होते. बाबा गणिताचे मास्तर. मी तीन वर्षांची असताना ते टांझानियातल्या पांगानी गावच्या सरकारी शाळेत करारावर गेले, आणि आम्ही तिथं पाच वर्षं राहिलो. बारा वर्षांनी त्यांचाच एक विद्यार्थी, रजबू, त्या शाळेचा हेडमास्तर झाला आणि त्यानं निरोप पाठवला, की गणिताला माणूस मिळत नाही, सर, एक सत्र तरी येऊन शिकवा. बाबा नुकतेच रिटायर झाले होते. आदल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखून आलं होतं, तेव्हापासून आई त्यांना पाण्याची बादलीही उचलू देत नसे. ती नको म्हणेल या भरवशावर बाबांनी तिला निरोप वाचून दाखवला. तिनं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "कधी निघायचं?" म्हणाली.

ती ओढ झुहुराची होती.

माझी आई जिंतूरकडची. लग्नाआधी समुद्र पाहिला नव्हता, आणि नारळ ही तिच्या लेखी देवापुढं फोडायची वस्तू. पांगानीत पालेभाजीपासून भातापर्यंत सगळ्यात नारळाचं दूध. आई पहिले दोन महिने तव्यावरच्या तिखट चटणीवर जगली. मग गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या झुहुरानं तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. तिथल्या खवणीला बकरी म्हणतात. खाली बुटका पाट, पुढं दातेरी पातं, आणि त्यावर घोड्यावर बसावं तसं बसायचं. नेसत्या पातळात आई त्या बकरीवर बसली तेव्हा बीबी इतकी हसली, की तिला पाणी पाजावं लागलं. झुहुरा विधवा होती, सकाळी आप्प्यांसारखे गोड तांदळाचे गोळे करून विकायची आणि दिवसभर मोकळी असायची. आईला हिवताप झाला तेव्हा तिनं मला आणि बाबांना जेवू घातलं, तेही आमच्या घरी मासेमटण चालत नाही म्हणून वेगळं शिजवून. बीबीच्या मांडीवर मी कितीतरी दुपारी झोपले आहे.

तिकडं बाईला तिच्या मोठ्या मुलाच्या नावानं हाक मारतात. मी हेमा, म्हणून आई 'मामा हेमा'. मामा म्हणजे आई, हे आईच्या माहेरच्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यातून 'हेमा' म्हणजे स्वाहिलीत तंबू. तेव्हा माझी आई त्या गावात पाच वर्षं तंबूची आई म्हणून वावरली, आणि बाबांना मुलं म्वालिमू म्हणत. म्वालिमू म्हणजे गुरुजी. पहिल्या दिवशी आईला ते मवाली ऐकू आलं होतं.

आई स्वाहिली पुस्तकातून शिकली नाही. तिची पद्धत अशी, की मराठी वाक्य घ्यायचं, त्यातला एकेक शब्द उचलून त्या जागी स्वाहिली शब्द बसवायचा, झाली स्वाहिली. 'माझ्या पोटात कावळे ओरडतायत' असं तिनं एकदा झुहुराला सांगितलं, तेव्हा बीबीनं घाबरून हकीम बोलावला होता. पण धडाका असा होता, की लोक समजून घेत. लिहिणं मात्र तिला येत नव्हतं, त्यामुळे बारा वर्षांत पत्र ना चिठ्ठी. मधल्या काळात औरंगाबादच्या घरात काहीही नारळाचं झालं, की आई म्हणायची, "झुहुराच्या हातचं ते झुहुराच्या हातचं."

आणि आता झुहुरा दारसुद्धा उघडत नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात ती आम्हाला बाजारात भेटली. उंच, काटक, अंगावर दोन कांगे, म्हणजे ती छापील सुती वस्त्रं. केस मात्र पांढरे झाले होते. आई धावत गेली. "झुहुरा! कशी आहेस?"

तिकडं नमस्काराला उत्तर न देणं हे पाप. झुहुरानं उत्तर दिलं. "बरी आहे. तू बरी आहेस? म्वालिमू बरे आहेत?"

"बरे आहेत. अगं, बीबी..."

"अल्लाची इच्छा," झुहुरा म्हणाली, आणि भोपळ्याच्या वाट्याकडं वळली. आई बोट धरलेल्या पोरासारखी तिच्या मागं दोन पावलं गेली आणि थांबली. बाजारातल्या बायका बघत होत्या.

घरी येऊन आईनं कारणं शोधायला सुरुवात केली. "जाताना मी शिलाई मशीन शाळेला दिलं. तिला द्यायला हवं होतं."

"तिला शिवता कुठं येत होतं?" बाबा म्हणाले.

"तरी. मनात आलं असेल. किंवा ती मोठी कढई. ती तर रजबूच्या आईला दिली मी."

"कढईसाठी कुणी बारा वर्षं रुसत नाही गं."

"तुम्हाला बायकांचं काय कळतंय?" हे वाक्य त्या तीन महिन्यांत बाबांनी पुष्कळदा ऐकलं.

संक्रांत आली. तीळ तिथं मुबलक होते, गूळही मिळाला. आईनं लाडू वळले, एका ताटलीत घातले, वर विणलेला रुमाल टाकला आणि मला म्हणाली, "तू घेऊन जा. तुझ्यावर काय राग असणारेय? गोड बोल म्हणावं."

मी गेले. एकदाच होडी म्हटलं. दार उघडलं. मी लहानपणी शिकल्याप्रमाणे 'शिकामू', हा मोठ्यांना करायचा नमस्कार, म्हणून वाकले, तर झुहुरानं माझ्या हनुवटीला हात लावला, तोंड उजेडाकडं वळवलं आणि बराच वेळ बघितलं.

"बीबी म्हणायची, ही मुलगी उंच होणार," ती म्हणाली. "झालीस."

मला वाटलं, संपलं, गाठ सुटली. तिनं ताटली आत नेली. लाडू काढून घेतले, ताटली धुतली, कांग्याच्या टोकानं कोरडी केली, आणि माझ्या हातात दिली. रिकामी.

आपल्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तिकडंही अगदी तसंच आहे. पाच वर्षं त्या दोन घरांमध्ये भांडी भरून गेली आणि भरून आली होती. आईनं ताटली माझ्या हातून घेतली, उलटी करून बघितली, जणू खाली काही चिकटलं असेल. मग ती मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. मला झुहुराचा भयंकर राग आला. एवढ्या पोळलेल्या बाईला आणखी पोळायचं, हा कुठला न्याय?

"आई, सोड तिचा नाद," मी म्हणाले. "तिला नकोय आपण."

"कारण कळू दे. मग सोडते."

सत्र संपत आलं. बाबांची मुलं परीक्षेला बसली. आमची परतीची तिकिटं रजबूनं आणून दिली, आणि आईची झोप उडाली. ती चिडचिड करू लागली, बाबांच्या गोळ्यांच्या वेळा चुकल्या, एकदा वरणात दोनदा मीठ पडलं. एका सकाळी तिनं न्याहारी केली, लुगड्याचा पदर खोचला, आणि मला म्हणाली, "छत्री घे. आपण बसायला जातोय."

"कुठं?"

"तिच्या दारात."

तिथल्या प्रत्येक जुन्या घराच्या बाहेर, भिंतीला लागून एक दगडी ओटा असतो. त्यावर कुणीही येऊन बसावं, होडी म्हणायला लागत नाही, कारण ओटा घराबाहेरच असतो. आई त्या ओट्यावर जाऊन बसली. सरळ सांगायचं तर माझ्या आईनं धरणं धरलं. मी शेजारी छत्री धरून. येणारेजाणारे थांबून विचारत, "मामा हेमा, इथं का?" आई म्हणे, "झुहुराला भेटायला आलेय." लोक बंद दाराकडं बघत, आमच्याकडं बघत, आणि मान हलवत पुढं जात. आत भांड्यांची खुडबूड चालू होती. नदीवरून वारा येत होता तोवर बरं होतं. मग वारा पडला, ऊन ओट्यावर चढलं, आणि दगड तापला. मी दोनदा चल म्हटलं. आई हलली नाही.

शेवटी दाराच्या आतून आवाज आला. दार बंदच होतं.

"मामा हेमा, कुणाची वाट बघतेस?"

"तुझी." (आईची स्वाहिली मी इथं नीट करून लिहितेय. ती जशी बोलली तशी लिहिली तर कुणाला कळणार नाही.)

"किती वेळ बघशील?"

"तू करीबू म्हणेपर्यंत."

"ऊन डोक्यावर आलंय. तुला पित्त होतं."

"होऊ दे."

मग झुहुरा म्हणाली, "माझ्या आईनं याहून जास्त वेळ वाट बघितली होती."

आईनं माझ्याकडं बघितलं. आपण बरोबर ऐकलं का, असं विचारत होती. मी मान हलवली.

दाराची एक फळी उघडली. झुहुरा चौकटीला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दमल्यासारखी दिसत होती. "तुम्ही गेलात तो दिवस आठवतो तुला?"

"न आठवायला काय झालं? सकाळी मी आले की इथं. याच दारात उभी राहिले. रडले."

"रडलीस. आत आली नाहीस. आत मी आईला आंघोळ घालून, नवे कांगे नेसवून, भिंतीला उशी लावून बसवलं होतं. तिला उठता येत नव्हतं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाचा हात हातात घ्यायचा, त्याची माफी मागायची, त्याला माफ करायचं. काय सांगावं, पुन्हा गाठ पडते न पडते. हे झाल्याशिवाय आमच्यात कुणी कुणाला सोडत नाही. चटई घातली होती. तुमच्या वाटेसाठी आप्पे करून ठेवले होते. तुझा आवाज ऐकून मी बाहेर आले, तर तू इथंच रडून मागं वळलीस. मला वाटलं, मुलीला आणायला गेली. मग गाडीचा आवाज आला."

"झुहुरा..."

"मी आईला म्हटलं, गेले ते. ती म्हणाली, नाही, चटई काढू नकोस, येतेय ती. संध्याकाळपर्यंत तिनं मला चटई काढू दिली नाही. आप्प्यांना हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशीही विचारलं तिनं. रमझानच्या आधी गेली ती. बायका मला विचारायच्या, तुझी ती हिंदी मैत्रीण निरोप घेऊन गेली का गं? मी काय सांगू? चोरासारखी गेली म्हणून सांगू?"

आई उठून उभी राहिली. "पण मी सांगून गेले! चोरासारखी कशी? मी म्हणाले ना तुला, इथंच म्हणाले, नाकूजा!"

"म्हणालीस," झुहुरा म्हणाली. "म्हणून तर ती थांबली."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. एकीलाही दुसरीचं कळत नव्हतं. आणि छत्री धरून उभ्या असलेल्या मला एकदम सगळं कळलं. मला हसू यायला लागलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आलं की बोलता येत नाही.

"आई," मी मराठीत म्हणाले, "नाकूजा म्हणजे काय?"

"येते. मी येते."

"ते शब्दाचं झालं. इथं माणूस उठून जाताना नाकूजा म्हणाला, तर त्याचा अर्थ 'आत्ता आले, थांबा'. पाणी आणायला गेलं की म्हणतात तसं."

"मग? निघताना आपण काय म्हणतो? येते, असंच म्हणतो ना?"

"आपण म्हणतो. हे नाही म्हणत."

आई ओट्यावर परत बसली.

तिच्या बाबतीत अडचण अशी झाली होती, की पाच वर्षं ती दिवसातून चारदा झुहुराकडून निघताना नाकूजा म्हणायची, आणि तासाभरात मीठ नाहीतर गप्पा मागायला खरोखरच परत जायची. चूक कुणाच्या लक्षात यावी कशी? निरोपाचा खरा शब्द, क्वाहेरी, तिला येत होता. पण तो ती फक्त दारावर आलेल्या मासेवाल्याला म्हणायची, पुन्हा येऊ नये म्हणून.

"तिला सांग," आई मला म्हणाली. मग लगेच, "नको. मीच सांगते." आणि ती सांगू लागली. शब्द मिळेनासा झाला की माझ्याकडं वळायची. "आमच्यात कुणी 'जाते' म्हणत नाही. कधीच नाही. माझ्या आईनं मला लहानपणी मारलंय त्यासाठी. जातात ती मेलेली माणसं. जिवंत माणूस 'येते' म्हणतो. शेजारी गेलं तरी येते, आणि परगावी गेलं तरी येते."

"यायचं नसलं तरी?" झुहुरानं विचारलं.

"नसलं तरी."

"म्हणजे खोटं बोलता."

"खोटं नाही गं." आईनं कपाळाला हात लावला. "यावंसं वाटतं ना, तेवढं तरी खरं असतं."

झुहुरानं बाहेर येऊन आईच्या शेजारी तापलेल्या ओट्यावर बैठक मारली. मग तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, तोंडावर कांगा दाबून, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी गळत होतं. "कावळे," ती म्हणाली. "पोटातले कावळे! आणि मी मूर्ख... या बाईच्या तोंडून निघालेला शब्द मी धरून बसले!"

मग आईही रडली. चांगली हंबरून रडली. रस्त्यावरची माणसं थांबली आणि कुणी न सांगता पुढं गेली.

"करीबू," झुहुरा उठून म्हणाली. "आत ये. खरंच पित्त होईल."

त्यानंतरचे जे थोडे दिवस उरले होते, ते आईनं बहुतेक त्या स्वयंपाकघरातच काढले. शाल दिली. झुहुरानं ती उलगडून बघितली, कुठं वापरू म्हणाली, आणि भर उन्हाळ्यात खांद्यावर टाकून बाजारात जाऊन आली. बाबांना आमच्या घरी जेवायला वाढणारं कुणी राहिलं नाही, तेही मग तिकडंच जेवू लागले.

निघायचा दिवस आला. सकाळी आम्ही तिघं तिच्या घरी गेलो. चटई घातलेली होती. बाबांशी झुहुरा रीतीप्रमाणे बोलली, आणि बाबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. या दोघी समोरासमोर बसल्या, हातात हात घेऊन.

"मी आधी," झुहुरा म्हणाली. "तुला ताप आला होता तेव्हा मी तुमचं वेगळ्या भांड्यात शिजवायची. एक दिवस ते भांडं घासायचं राहिलं. मी आमच्या पातेल्यात शिजवलं. माफ कर."

आईचा चेहरा पडला. "कुठल्या पातेल्यात? माशांच्या?"

"माशांच्या."

आईनं एकदा बाहेर ओट्याकडं बघितलं आणि म्हणाली, "माफ केलं. यांना सांगू नकोस." मग तिची पाळी. "तुझा तो लाल कोंबडा लंगडायला लागला होता ना? तो मी मारलेला दगड. माझ्या वाळवणात शिरायचा मेला."

"मला वाटलं मुंगसानं धरला."

"मीच ते मुंगूस."

"माफ केलं."

अशा पुष्कळ गोष्टी निघाल्या. काहींना मी हसले, काही ऐकून दुसरीकडं बघितलं. मग आई थांबली. खाली चटईकडं बघत म्हणाली, "बीबीची माफी आता कुणाकडं मागू?"

"मागायची गरज नाही," झुहुरा म्हणाली. "ती देऊन गेली. शेवटच्या दिवसांत मला म्हणाली, मामा हेमा आली तर तिला सांग, माझ्याकडून सगळं माफ आहे."

आई बघतच राहिली. "आणि हे तू मला आत्ता सांगतेस? तीन महिने मी इथं..."

"ती तिची माफी होती," झुहुरा शांतपणे म्हणाली. "माझी व्हायची होती."

बाहेर रजबूची गाडी येऊन थांबली. आम्ही उठलो. दारात आल्यावर झुहुरानं आईचा हात सोडला नाही. "या वेळेला मला नीट सांग," ती म्हणाली. "जे आहे ते. तू पुन्हा येणार आहेस का?"

आईनं माझ्याकडं बघितलं, ओट्यावरून उठत असलेल्या बाबांकडं बघितलं. ते उठताना गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबले होते, आणि आई त्यांच्याकडं कशी बघतेय हे मला दिसलं. बाबा त्यानंतर अठरा वर्षं जगले, पण हे त्या सकाळी तिला कुठं ठाऊक होतं? तिनं आयुष्यात कधी न उच्चारलेला शब्द, आजारी नवऱ्यासमोर, परगावच्या उंबऱ्यावर उभं राहून उच्चारायचा होता. मी मनातल्या मनात म्हटलं, आई, नको म्हणूस, तिला समजेल.

"'जाते'ला काय म्हणतात?" आईनं मला हळूच विचारलं.

"नाक्वेंदा."

"त्यात येण्याचं कुठं काही नाही ना?"

"नाही."

आईनं पदर डोक्यावरून घेतला. झुहुराच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "नाक्वेंदा." मग ते पुरेसं झालं नाही असं वाटून की काय, मराठीतही म्हणाली, "जाते मी, झुहुरा. आता येणं व्हायचं नाही."

शेवटचं मराठीतलं झुहुराला कळलं असणं शक्य नव्हतं. पण तिनं मान हलवली.

"नेंदा," ती म्हणाली. म्हणजे, जा. आमच्याकडं जिवलग माणसाला कुणी तोंडानं 'जा' म्हणत नाही. आईनं डोळे मिटून ते ऐकून घेतलं, तिचा हात एकदा घट्ट दाबला, आणि सोडला.

आम्ही गल्लीतून चालत गाडीपर्यंत आलो. आई पुढं, मान खाली. बाबा गाडीत चढले. मी वळून मागं बघितलं. झुहुरा दारात हात हलवत उभी असेल असं मला वाटलं होतं. पण तिथं कुणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"आई," मी म्हणाले, "तिनं दार लावूनसुद्धा घेतलं गं."

आईनं वळून बघितलं नाही. डोळे पुसले, गाडीत चढली आणि बाबांच्या शेजारी सरकून बसली.

"लावू दे," म्हणाली. "चटई काढायचीय, स्वयंपाक व्हायचाय तिचा."